सेव्हन सीटर घेताय? शोरूममध्ये गेल्या गेल्या मागे जाऊन बसा

शोरूममध्ये गेल्यावर ड्रायव्हर सीटवर बसूच नका. तिथला मुलगा तुम्हाला पुढे बसवणार, स्क्रीन दाखवणार, सनरूफ उघडून दाखवणार आणि वीस मिनिटं त्यातच घालवणार. सेव्हन सीटर आपण घेतो ती शेवटच्या रांगेसाठी, नाहीतर पाच सीटरच्या एसयूव्ही ढिगाने आहेत की बाजारात. त्यामुळे आधी थेट मागे जायचं आणि तीन गोष्टी बघायच्या. आत शिरायचं कसं, शिरल्यावर गुडघे कुठे जातात, आणि सातही जण बसल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या. बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे सासू सासरे, आम्ही दोघं, मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा त्यामुळे त्याची चाइल्ड सीट गाडीत कायमची लावलेली, आणि गणपतीला गुहागरला जाताना नणंद सोबत असतेच. म्हणजे रोजचं काम कोथरूड ते हिंजवडी, आणि वर्षातून काही वेळा भरगच्च गाडी ताम्हिणी उतरून कोकणात. पुण्यातल्या निम्म्या घरांचं थोड्याफार फरकाने असंच असणार, म्हणून सविस्तर लिहितेय.

मारुतीच्या एर्टिगापासून सुरुवात करते कारण सगळेच तिथून करतात. 2012 ला आली, 2018 ला मोठी होऊन परत आली आणि आज कुठल्याही सिग्नलला थांबलात तर शेजारी एक असतेच. नणंदेकडे जुनी सीएनजीवाली आहे त्यामुळे ही गाडी आम्हाला पाठ आहे. चांगलं आधी सांगते, चालवायला हलकी, क्लच मऊ, साडेचार मीटरच्या आत असल्यामुळे पेठांमधे सुद्धा जाते, सर्व्हिसिंग गल्लीबोळात होतं आणि विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक मिळतं. सीएनजीला कंपनी किलोमागे 26.11 किलोमीटर सांगते, तेवढं सोडा पण त्याच्या जवळपास जरी मिळालं तरी रोज पन्नास साठ किलोमीटर फिरणाऱ्याला दुसऱ्या गाडीकडे बघायची गरज नाही, फक्त पंपावरच्या रांगेची तयारी ठेवा.

पण सातही सीट उभ्या असताना मागे डिकी आहे 209 लिटरची, म्हणजे एक ट्रॉली बॅग उभी आणि कडेला दोन पिशव्या. सीएनजी घेतलीत तर टाकी तिथेच येते आणि मग तेही गेलं. नणंदेने शेवटी वर कॅरिअर लावलं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी, आणि ताम्हिणीत पाऊस लागला की अर्धं लक्ष रस्त्यावर अर्धं वरती. मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या असतात त्या तर पायाखालीच. दुसरं म्हणजे पेट्रोलवर 103 पीएस ताकदीचं इंजिन सीएनजीवर 88 वर येतं, सहा सात माणसं, सामान, एसी चालू आणि समोर घाटाची चढण, की दुसऱ्या गिअरमधे ओरडतच जाते. जाते, अडत नाही, पण पुढचा ट्रक ओव्हरटेक करायचा विचार मनातच ठेवायचा.

आणि सेफ्टी. 2024 मधे ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्यांची टक्कर टेस्ट घेऊन पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने, भारतात बनलेली, आफ्रिकेत जाणारी एर्टिगा आपटून बघितली तेव्हा मोठ्यांसाठी एक तारा आणि मुलांसाठी दोन मिळाले. त्यानंतर 2025 ला कंपनीने सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमधे दिल्या हे खरं, पण त्या टेस्टमधे गाडीचा सांगाडाच अस्थिर ठरला होता आणि एअरबॅग वाढवून सांगाडा बदलत नाही. सतत अपघात होणारा नवले पुलाचा उतार रोज बघणाऱ्या माणसाला हे डोक्यातून काढता येत नाही. मला नाही आलं.

आता किया कॅरेन्स आणि तिचीच 2025 ला आलेली नवी बहीण क्लाव्हिस. हिच्यात एक गोष्ट अशी आहे की ती ब्रोशरमधे एका ओळीत संपते आणि घरात रोज कामाला येते. मधल्या रांगेतल्या डाव्या सीटला बटण आहे, दाबलं की सीट स्वतःच पाठ दुमडून पुढे कोलांटी मारते आणि मागे जायला चांगली मोकळी वाट होते. एर्टिगामधे सीट पुढे सरकते पण जागेवरून उठत नाही, त्यामुळे मागे जाणारा तिरका होऊन, एक पाय आत टाकून, डोकं सांभाळत शिरतो. नऊ वर्षांच्या मुलीला चालतं. नणंद पन्नाशीची आहे, साडी नेसून गणपतीला निघालेली, तिला विचारा.

आणि यातच चाइल्ड सीटची भानगड आहे जी शोरूममधे कुणीही स्वतःहून सांगत नाही. चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी हुकांना, अडकवली की ती मधली सीट पुढे दुमडतच नाही, म्हणजे त्या बाजूने मागे जायचा रस्ता बंद. त्यामुळे जाताना घरची चाइल्ड सीट सोबत न्या, उजवीकडे ड्रायव्हरच्या मागे लावा आणि मग डावीकडून माणसं मागे पाठवून बघा. आम्ही हे सगळ्यांना घेऊन केलं, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, "मॅडम, सगळेच बसणार का टेस्ट ड्राइव्हला?" हो बाबा, गाडीत सगळेच बसणार आहेत. रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन काय कळतं? सहा माणसं भरून चांदणी चौकाच्या चढावर नेली तेव्हा कळलं डिझेल आणि साध्या पेट्रोलमधला फरक. कॅरेन्सचं साधं पेट्रोल 115 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 144 एनएम, डिझेल पण 116 पीएसच, पण टॉर्क 250 एनएम. कागदावर पॉवर सारखी दिसते म्हणून लोक फसतात, भरलेल्या गाडीला चढावर ओढतो तो टॉर्क. टर्बो पेट्रोल 160 पीएसचं आहे, मजा येते चालवायला, पण तुमचा पाय जड असेल तर पंपावर जाऊन रडाल.

सहा सीटवाली पण येते, मधे दोन वेगळ्या खुर्च्या आणि मधून जायला वाट. मुलं बसल्या बसल्या मधून मागे पुढे करतात, चाइल्ड सीट कुठेही लावा काही अडत नाही. घरात सहाच माणसं असतील तर डोळे झाकून तीच घ्या. आम्ही नणंदेला मागे सोडून गणपतीला जाऊ शकत नाही, म्हणजे गेलो तर परत यायची सोय राहणार नाही.

मागे बसणाऱ्याला गाडी लागते हे पण लक्षात घ्या. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वरतीच असते, प्रत्येक स्पीडब्रेकर थेट तिथे पोचतो, खिडकी लहान, समोर सीटची पाठ, आणि घाटाची वळणं. आमच्या मोठीला एर्टिगात माणगाव यायच्या आत पिशवी लागते. कॅरेन्समधे वरून एसीचा झोत थेट शेवटच्या रांगेवर येतो, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2780 मिलिमीटर आहे म्हणून पायाला जरा जास्त जागा आहे, तिथे ती जरा बरी बसली. पण मोठ्या माणसाचे गुडघे तिथेही छातीकडेच जातात आणि मांडीखाली आधार नाही, पुणे सातारा ठीक, पुणे गोवा नको. डिकी तर 216 लिटर, एर्टिगापेक्षा सात लिटर जास्त, त्यात काय येणार, दोन पाण्याच्या बाटल्या. कॅरेन्सचे तारे तीन, ग्लोबल एनकॅपच्या 2022 च्या टेस्टला. उत्तम नाही, बरे.

इनोव्हाबद्दल बोलल्याशिवाय पुण्यात हा विषय संपत नाही. सासऱ्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "घ्यायची तर इनोव्हा घ्या, नाहीतर आहे ती चालवा." त्यातली क्रिस्टा म्हणजे 2.4 लिटर डिझेल, लॅडर फ्रेम म्हणजे ट्रकसारखा वेगळा सांगाडा खाली, मागच्या चाकांना ताकद, दोन तीन लाख किलोमीटर झालेल्या टॅक्सी मुंबई एअरपोर्टला रोज पळतायत, यात वादच नाही. पण ती उंच आहे. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो, त्यांनी दाराची कडी एका हाताने धरली, दुसरा हात सीटवर टेकला, पाय वर ठेवला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "अगं, मला दर वेळी स्टूल आणून देणार का?" क्रिस्टा तिथेच संपली. दुसरी इनोव्हा, हायक्रॉस, वेगळ्या बांधणीची आहे, लॅडर फ्रेम नाही, पुढच्या चाकांना ताकद, त्यामुळे आतली जमीन खाली आली आणि त्या सहज चढल्या. वर तिसरी रांग या सगळ्यात एकच अशी की मोठा माणूस तिथे बसून तक्रार करत नाही, सगळ्या सीट उभ्या ठेवून 300 लिटर डिकी, आणि भारत एनकॅपचे पाच तारे. तिचं हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेलं मॉडेल, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधे बराच वेळ बॅटरीवर आवाज न करता सरकत राहतं, कंपनी लिटरला 23.24 चं ॲव्हरेज सांगते. सगळ्यात चांगली गाडी हीच आहे हे मी सरळ मान्य करते.

फक्त हिशोब करा. हायब्रिड घेतली तर आम्हाला जे कॅरेन्स डिझेलचं मॉडेल आवडलं त्यापेक्षा दहा लाखांच्या आसपास जास्त जातात. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा, डिझेल गाडीने लिटरला 15 दिले तर 800 लिटर, नव्वद रुपयाने 72,000. म्हणजे हायक्रॉस हवेवर चालली असती तरी ते दहा लाख वसूल व्हायला तेरा चौदा वर्षं. ॲव्हरेजसाठी हायब्रिड घेतो म्हणणारे लोक स्वतःचीच समजूत काढतात. जागेसाठी, सेफ्टीसाठी, आरामासाठी घ्या आणि पैसे असतील तर जरूर घ्या. आमचा होम लोन चालू आहे.

बाकीच्या पटकन. रुमिऑन म्हणजे टोयोटाचा बिल्ला लावलेली एर्टिगा आणि इन्व्हिक्टो म्हणजे मारुतीचा बिल्ला लावलेली हायक्रॉस, त्यामुळे जिथे वेटिंग कमी आणि ऑफर जास्त तिथे जा. एक्सएल6 म्हणजे सहा सीटची नटवलेली एर्टिगा. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, तिसरी रांग काढून घरी ठेवता येते आणि मग 625 लिटर डिकी मिळते, ही आयडिया मला मनापासून आवडते, पण 72 पीएसच्या इंजिनवर सात माणसं घेऊन घाट चढायचा म्हणजे वाटेत वडापावला थांबायला निमित्तच. शहरात फिरायला आणि कधीतरी आजी आजोबांना न्यायला मस्त आहे, बजेट कमी असेल तर बिनधास्त घ्या.

एक गोष्ट मात्र मला कुणी समजावून सांगावी. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधे दोन गाड्यांच्या मधे धड माणूस जात नाही, दार उघडलं की शेजारच्याच्या गाडीला ओरखडा आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत. अशा ठिकाणी सरकतं दार पाहिजे. ते मिळतं कुठे, तर खाली मारुतीच्या ईकोमधे आणि वर एकदम साठ लाखाच्या आसपासच्या किया कार्निव्हलमधे. मधे काहीच नाही. निसानची एव्हालिया होती 2012 ला, सरकत्या दारांची, टिकली नाही. ओम्नीत आख्खी पिढी शाळेत गेली आणि आता सरकतं दार म्हटलं की लोकांना भाजीचा टेम्पो आठवतो, म्हणून कंपन्या देत नाहीत. कार्निव्हल मी बघून आले, हौस म्हणून, 5155 मिलिमीटर लांब आहे, आमच्या पार्किंगमधे लावली तर शेजारच्या काकांची ॲक्टिव्हा रस्त्यावर. स्टॅक पार्किंगवाल्यांनी, म्हणजे एकावर एक गाड्या लावणाऱ्यांनी, तर कुठलीही सेव्हन सीटर बघायच्या आधी सोसायटीत वजन आणि उंचीची मर्यादा विचारून घ्या.

शेवटी क्लाव्हिस डिझेल ऑटोमॅटिक, सात सीट, बुक केली. डिझेल घेताना एक लक्षात ठेवा, बीएस6 डिझेलला रोज दोन तीन किलोमीटरचे फेरे मारले तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो, तुमचं रनिंग फक्त शाळा आणि डीमार्ट असेल तर पेट्रोलच घ्या. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पण पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, तो ऑन रोड किमतीत दिसतो. आणि कोटेशन हातात आलं की पेन घेऊन बसा. आम्हाला एका शोरूमने, नाव नको, हँडलिंग चार्जेस म्हणून एक आकडा, इसेन्शियल किट म्हणून दुसरा आणि इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायला पाहिजे असं सांगितलं. पाहिजे वगैरे काही नसतं. बाहेरून तीच पॉलिसी, झिरो डेप (क्लेममधे पार्टची घसारा कपात न करणारं कव्हर) सकट, बरीच स्वस्त मिळाली, कोटेशन त्यांच्यासमोर ठेवल्यावर हँडलिंग चार्जेस पण आपोआप गेले. मॅट आणि मडफ्लॅप बाहेरून बसवून घेणार आहोत, सीट कव्हर शोरूमचे घेऊ नका, साइड एअरबॅग सीटमधे असते आणि कव्हर चुकीचं असलं तर ती उघडायला अडते. रंग पांढरा घेतलाय, सासरे अजून बोलत नाहीयेत.