हीटर प्लग, बॅटरी की इंजिन हीटर? खानदेशच्या थंडीत डिझेल गाडीला काय लागतं

डिसेंबरात एका पहाटे साडेपाचला चोपड्याहून भाच्याचा फोन आला. त्याने उन्हाळ्यात जुनी डिझेल पिकअप घेतली आहे, केळी आणि भाजीपाला वाहायला. "मामा, गाडी उचलतच नाही. मेकॅनिक म्हणतो हीटर गेलाय. मी मोबाइलवर बघितलं, अमेरिकेतून इंजिन हीटर मागवता येतो. मागवू का?"

मी त्याला थांबवलं. मेकॅनिक एका हीटरबद्दल बोलत होता आणि भाचा दुसराच शोधत होता. थंडी वाढली की हा घोळ आपल्याकडे बऱ्याच जणांचा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचा मेकॅनिक 'हीटर' म्हणतो तेव्हा त्याला हीटर प्लग, म्हणजे ग्लो प्लग म्हणायचं असतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन थंडगार असेल तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढा एक प्लग असतो. बॅटरीवर तो काही सेकंदांत लालभडक होतो आणि डिझेल पेटायला हात देतो. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो तो याचाच. हा प्लग गाडीत कारखान्यातूनच आलेला असतो.

इंजिन हीटर म्हणजे ब्लॉक हीटर ही वेगळी वस्तू. तो घरच्या विजेवर चालतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, रात्रभर उभ्या गाडीला वायर जोडतात आणि तो आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कोमट ठेवतो. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ साली अशा हीटरचं पेटंट घेतलं. त्या भागात पारा उणे ३० पर्यंत उतरतो. कॅनडात विनिपेगसारख्या शहरांत गाड्यांच्या जाळीतून प्लगची वायर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये गाडीगणिक सॉकेट असतात.

आता आपली थंडी बघा. धुळ्यात, जळगावात थंडीची लाट आली की पहाटेचा पारा ६-७ अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. नंदुरबारच्या सातपुड्यात, मोलगी-डाबकडे गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण गवताचं पातं उघड्या आभाळाखाली उष्णता सोडून हवेपेक्षा गार होतं, म्हणून हवा शून्याच्या थोडी वर असतानाही दव गोठू शकतं. केळी उत्पादकाच्या पोटात गोळा आणणारी ही थंडी आहे, हे मी नाकारत नाही. पारा १० च्या खाली गेला की यावल-रावेरच्या बागांत घडांवर चरका पडतो. मग रात्री पाणी द्या, बांधावर धूर करा, झोप उडते. पण केळीला जी थंडी मारते ती इंजिनाला काहीच करत नाही. आपल्या बहुतेक डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० ऑइल असतं. त्यातल्या '१५डब्ल्यू'चा अर्थच असा की उणे २० अंशांलाही ते ठराविक मर्यादेपलीकडे घट्ट होत नाही आणि इंजिन फिरू देतं. जुन्या ट्रॅक्टरमधलं २०डब्ल्यू-४० घेतलं तरी त्याची चाचणी उणे १५ ला होते. सातपुड्याच्या माथ्यावरसुद्धा आपण त्याच्या जवळपास जात नाही.

मग गाडी थंडीतच का रुसते? खानदेशात गाडीची बॅटरी मे महिन्यात मरते, कळतं डिसेंबरात. भुसावळ-जळगावला पारा ४५ पार करतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. पण उन्हाळ्यात इंजिन मुळातच गरम, अर्धमेली बॅटरीही त्याला फिरवून देते. थंडीत दोन्ही बाजूंनी कोंडी होते. बॅटरीची ताकद घटते (शून्य अंशाला सुमारे एक तृतीयांशाने) आणि ऑइल थोडं जड झाल्यामुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते.

माझं स्वतःचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी पौषात माझी गाडी सकाळी 'घर्र… घर्र…' करून थांबायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, स्टार्टर मोटर गेली. बदलली. आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं, आणि त्या दिवशी मला फैजपूरला लग्नाला पोहोचायचं होतं. शेवटी शेजाऱ्याने मल्टिमीटर आणला. रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.१ व्होल्ट आणि सेल्फ मारताना काटा सरळ ८ च्या खाली. स्टार्टर मोटरचे पैसे फुकट गेले होते. ते गॅरेजवाल्याच्या डोक्यावर मारण्यापेक्षा मी मल्टिमीटर विकत घेतला. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयास्पद. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर आधी गरम पाण्याने धुवा, घट्ट आवळा आणि मगच बॅटरीला दोष द्या.

म्हणून निवड करण्याआधी कान लावा. सेल्फ मंद, दमल्यासारखा फिरत असेल तर बॅटरी, वायरी किंवा स्टार्टर. सेल्फ झपझप फिरतोय, मागून पांढरा धूर येतोय, डिझेलचा वास येतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोहोचतंय आणि पेटत नाही: हीटर प्लग. झपझप फिरतोय आणि धूरच नाही, तर डिझेल पोहोचतच नाही: फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, गळती. या तिन्हींपैकी एकालाही इंजिन हीटर हे उत्तर नाही.

भाच्याला विचारलं, धूर येतो का? "पांढराफटक, मामा. आणि वास." मग मेकॅनिक बरोबर होता. हीटर प्लग तपासायला फार काही लागत नाही. वायर सोडून मल्टिमीटरने रोध बघायचा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, आतून तुटलेल्या प्लगवर वायर जोडलेलीच नसल्यासारखा मीटर हलतच नाही. सगळे ठीक निघाले तर रिले आणि फ्यूज बघा, कारण करंटच पोहोचत नसेल तर प्लग बदलून उपयोग नाही. चारपैकी एक गेला तर आपल्या थंडीत गाडी खडखडत का होईना सुरू होते. दोन-तीन गेले की पहाट खराब होते. नवीन कॉमन रेल (संगणकाच्या हुकुमाने फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाड्या ६-७ अंशांना प्लगची फारशी वाटही बघत नाहीत, जुन्या गाड्यांना मात्र तो लागतोच. पेट्रोल गाडीवाल्यांनी हे सगळं सोडून फक्त बॅटरीकडे बघावं. बहुतेक सीएनजी गाड्याही सुरू पेट्रोलवरच होतात, म्हणून टाकीत थोडं पेट्रोल असू द्या.

तरीही कोणी म्हणेल, इंजिन हीटर बसवला तर सकाळी इंजिन कोमट मिळेल, झीज कमी होईल. हे खरं आहे आणि उणे २० ला फार खरं आहे. ८ अंशांना फायदा एवढासा आणि व्याप मोठा. ब्लॉक हीटर बसवायला कूलंट काढावं लागतं, ब्लॉकची बुचासारखी प्लेट काढून तिथे हीटर बसतो. नीट बसला नाही तर तिथूनच गळती. अमेरिकेतून मागवलेला हीटर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला लावला की साडेतीन पटींहून जास्त वॅट ओढतो आणि जळतो. ऑइल चेंबरला चिकटवायचे पॅडवाले हीटर बसवायला सोपे, पण वायर तीच आणि प्रश्नही तेच. वीज फार जात नाही म्हणा, ५०० वॅटचा हीटर तीन तास म्हणजे दीड युनिट. पण गाडी उभी असते खळ्यात नाहीतर गल्लीत. तिथे रात्रभर उघड्यावर एक्स्टेंशन वायर, दव आणि उंदीर. माझ्या जिवाला ते पटत नाही. तेवढ्या पैशात चांगली बॅटरी येते. सकाळी मिनिटभर इंजिन चालू ठेवून पहिले तीन-चार किलोमीटर जोर न देता हळू चालवा, आपल्या हवेत तेवढं पुरतं.

इंजिन हीटरचा विचार कोणी करावा? जानेवारीत लेह-कारगिलकडे गाडी नेऊन रात्री तिथे उभी करणार असेल, त्याने. तिथे रात्री पारा कधी कधी उणे २० च्याही खाली जातो. तिथेही पहिली काळजी डिझेलची. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून गढूळ होतं आणि फिल्टर चोंदतो. आपल्या मानकात मैदानी भागाच्या हिवाळी डिझेलला साधारण ६ अंशांपर्यंतच फिल्टरमधून जाण्याची हमी लागते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत ओतता येतं. त्याआधी लोक रॉकेल मिसळायचे. आजच्या नाजूक पंपाला आणि इंजेक्टरला ते घातक आहे, तसं करू नका. जळगावात भरलेली टाकी घेऊन वर जाऊ नका, खालचं डिझेल संपवत जा आणि वर गेल्यावर तिथलंच भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल, आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टर-पिकअपमध्ये असतं, तर निघण्याआधी काढा. पाणी गोठून फुगलं की ब्लॉक फुटतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. ऑइल ५डब्ल्यू घ्या, पण गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच. सावद्याहून केळी घेऊन श्रीनगरपर्यंत जाणाऱ्या ट्रकवाल्यांना मी डिझेल आणि कूलंट एवढंच सांगेन. इंजिन हीटरची गरज त्याच्याही पुढे लागते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरच्या ऑइल चेंबरखाली काटक्या पेटवून इंजिन शेकू नका. डिझेलचा एक थेंब, एक जुना रबरी पाइप आणि सगळं गेलं. तसंच एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. हीटर प्लग लाल असताना त्या ईथरचा भडका इंजिनाच्या आतच उडतो आणि पिस्टन मोडू शकतो.

भाच्याच्या गाडीत चारपैकी तीन प्लग मेलेले निघाले. मी त्याला सांगितलं, चारही एकदम बदल, आणि इंजिन गरम असतानाच काढ. थंड इंजिनात जाम झालेल्या प्लगवर पाना दाबला की तो आतच तुटतो आणि मग हेड उतरवावं लागतं. मेकॅनिकलाही हे बजावून सांग म्हटलं, घाईत तो सकाळी सकाळीच पाना घालेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा साडेपाचला फोन आला. तो काही बोलला नाही, फोन इंजिनाजवळ धरला.