इंटर्नलची टेस्ट: गूगल फॉर्म की मूडल?

आमच्या स्टाफरूममध्ये दर सेमिस्टरला हाच वाद. फॉर्मचं कसंय, पटकन तयार होतो, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की विरारवरून येणारं पोरगं लोकलमध्ये उभ्या उभ्या भरून मोकळं, आणि कुठला प्रश्न बहुतेकांचा चुकला ते लगेच दिसतं. पण त्यात टायमर नाही, क्रम शफल केला तरी प्रश्न सगळ्यांना तेच, लॉक मोड (टेस्ट चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा) फक्त मॅनेज्ड क्रोमबुकवर, म्हणजे संस्थेच्या ताब्यातल्या गूगलच्या सिस्टीमवाल्या लॅपटॉपवर चालतो, आणि आपल्या पोरांकडे क्रोमबुक बघितलंय कोणी?

मूडल म्हणजे ऑनलाइन कोर्स आणि टेस्ट घ्यायची सिस्टीम, २००२ पासून आहे, ओपन सोर्स, फुकट, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतोच (गाडी इथेच अडते). क्वेश्चन बँक बनवताना जीव जातो, पण एकदा झाली की प्रत्येकाला रँडम प्रश्न, टाइम लिमिट, आणि मला सगळ्यात आवडतो तो स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट. फॅसिलिटी इंडेक्सवरून कळतं प्रश्न किती सोपा गेला, आणि डिस्क्रिमिनेशन इंडेक्स सांगतो की बाकी पेपर चांगला लिहिणाऱ्यांनाच तो जमला की उलटं झालं, उलटं म्हणजे मायनसमध्ये आला तर आधी आन्सर की तपासायची, बऱ्याचदा घोळ आपल्याच प्रश्नात असतो. फॉर्मच्या पाय चार्टमधून हे काही कळत नाही.

माझं मत विचाराल तर लेक्चर संपताना कितपत डोक्यात गेलंय ते बघायला फॉर्म बेस्ट, मार्क धरायचे असतील तर मूडलच. मोठी उत्तरं मात्र दोन्हीकडे आपल्यालाच वाचून मार्क द्यायचे असतात, त्यातून काही सुटका नाही.