पासिंग अहमदाबादचं, गाळ बडोद्याचा

आमची जुनी सँट्रो २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात गेली. जन्माष्टमीच्या दिवशी पावसाने जो जोर धरला तो थांबेचना. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आम्ही मुजमहुडाच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. घरात कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर आठवडाभर फावड्याने गाळ काढला. बारीक, राखाडी, साबणासारखा गुळगुळीत, आणि वाळला की पिठासारखा उडणारा. त्याचा वास अजून नाकात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याच गाळाने मला खरं काय ते सांगितलं.

पाणी उतरल्यावर नवऱ्याने आशेने सँट्रोला चावी मारली. तसं करायचं नसतं हे तेव्हा माहीत नव्हतं. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी मारली की दट्ट्या (पिस्टन) पाण्यावर आपटतो. हवा दबते, पाणी दबत नाही, मग आतला दांडा वाकतो. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, म्हणजे भरपाई शून्य. गाडी भंगारात गेली.

मग दुसरी गाडी शोधायची वेळ आली. गाडी मीच चालवते. नवरा कंपनीच्या बसने सावली गावाला कामावर जातो. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं, मुलाला क्लासला सोडायचं, खंडेराव मार्केटमधून भाजी आणायची, महिन्यातून एकदा दांडिया बाजारात नणंदेकडे जायचं, एवढंच आमचं ड्रायव्हिंग. आईंचे दोन्ही गुडघे गेलेत. सीट खाली असली की त्यांना उठवताना माझी कंबर जाते, आणि उंच असली की त्या चढू शकत नाहीत. दार उघडून आडवं बसता येईल, मग पाय आत घेता येतील, अशा उंचीची सीट हवी होती. डिकीत घडीची व्हीलचेअर मावायला हवी होती, त्यामुळे सीएनजीचा विचार सोडला, टाकी निम्मी डिकी खाते. आणि मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत क्लच दाबून दाबून माझाही डावा गुडघा बोलायला लागला होता, म्हणून ऑटोमॅटिक. बजेट पाच लाख. तेवढ्यात तेव्हा नवी ऑटोमॅटिक येत नव्हती, म्हणून सेकंडहँड.

गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष त्या कंपनीचा नाही. ज्या ऑटो कन्सल्टने, म्हणजे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने, ती विकली त्याचंही नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही गाड्या बघायला लागलो. तेव्हा बडोद्यात जो तो सांगत होता, पुरातल्या गाड्या बाजारात आल्यात, सांभाळून. आम्हीही सांभाळूनच होतो. जीजे-०६ म्हणजे बडोदा पासिंगची गाडी घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं. आणि मग ही दिसली. २०२१ चं मॉडेल, ऑटोमॅटिक, बेताची उंच सीट, ३१ हजार किलोमीटर, जीजे-०१. अहमदाबाद पासिंग.

कन्सल्टवाला मराठी निघाला. त्याचे पणजोबा महाराजांच्या पागेत होते म्हणाला. आईंना खुर्ची आणून दिली, पाया पडला, त्यांच्याशी अस्सल बडोद्याच्या मराठीत अर्धा तास बोलत बसला. आई घरी येताना म्हणाल्या, "पोरगं आपल्यातलं आहे गं." मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याला तोंडावर विचारलं होतं, पुरातली नाही ना? तो म्हणाला, "वहिनी, पासिंग बघा की. मालक अहमदाबादचे, परदेशी गेले. या गाडीने विश्वामित्री पाहिलेलीसुद्धा नाही."

मी फोनवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला. मालक पहिलाच, आरटीओ अहमदाबाद, विमा चालू, पीयूसी चालू, बँकेचा बोजा नाही. सगळं ठीक. तिथेच मी थांबले. त्या ॲपवर गाडी पाण्यात बुडाली होती का, तिचा क्लेम झाला होता का, यातलं मला काहीच कळणार नव्हतं. आणि पासिंगवरून गाडीची नोंदणी कुठे झाली ते कळतं, ती कुठल्या अंगणात उभी राहायची ते कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा डोक्यात आली नाही.

किंमत ४ लाख ८५ हजार ठरली. तसल्या गाडीला इतरत्र सव्वापाच-साडेपाच मागत होते, म्हणजे संशय यावा इतकी ती स्वस्तही नव्हती. २५ हजार बाना, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला. मग तो म्हणाला, एक नव्वद, म्हणजे १ लाख ९० हजार, रोख द्या, बाकीचे बँकेतून. दोन लाखांपासून पुढे रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून त्याच्या आतला आकडा. पावती मात्र त्याने फक्त बँकेतून गेलेल्या २ लाख ९५ हजारांची केली. "वहिनी, माझा टॅक्स वाचतो, म्हणून तर तुम्हाला भाव सोडला." आम्ही हो म्हटलं. ही आमची चूक होती आणि ती अजून छळते आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी घरी आली. आईंनी ओवाळलं.

आतून अत्तराचा वास इतका उग्र होता की मुलाला मळमळायचं. सीटकव्हरं नवी, खालचे मॅट नवे आणि कडेने चिकटवलेले. केवढी निगा ठेवली आहे, असंच मला वाटलं. जानेवारीत उजव्या हेडलाइटच्या काचेत आतून दव धरायला लागलं. मग हॉर्न आपोआप वाजला, एकदा मध्यरात्री, सगळी सोसायटी जागी झाली. मागची काच खाली गेली ती वर येईना. कन्सल्टवाल्याला फोन केला की तो गोड बोलायचा, माणूस पाठवायचा, तो माणूस कुठलीशी वायर साफ करून जायचा.

मार्चमध्ये काळाघोड्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलवर अडकली. आई मागे बसलेल्या. हिरवा दिवा लागला, मागे बसचा हॉर्न, आणि गिअर पडेचना. डॅशबोर्डवर तीन दिवे लुकलुकत होते. तिघा कॉलेजच्या मुलांनी ढकलून गाडी कडेला घेतली. आई काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. दुपारी एक वाजता, त्या उन्हात, चाळीस मिनिटं.

गाडी टो करून प्रतापनगरच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी काही बोलायचं टाळलं. ड्रायव्हरची सीट सोडवली, चिकटवलेला मॅट उपसला, त्याखालचा गालिचा उचलला आणि मला म्हणाले, "बेन, अहीं आवो," ताई, इकडे या. सीटच्या रुळांखाली, पत्र्याच्या खोबणीत, राखाडी थर वाळून बसला होता. मी बोटाने उचलला. पिठासारखा उडाला. वास आला.

मला कुणी सांगायची गरज उरली नाही. हा गाळ मी आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरातून काढला होता.

मग काकांनी एकेक दाखवलं. तुम्ही गाडी घेणार असाल तर विकत घेण्याआधी हेच बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. आम्ही ओढला तेव्हा आतल्या टोकाला मातकट रेघ होती, पाणी जिथवर चढलं तिथवरची. बाहेरचा पट्टा धुतात, गुंडाळलेला कुणी धूत नाही. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवायचा. सीटचे बोल्ट बघायचे. तीन-साडेतीन वर्षांच्या गाडीत छपराखालचे बोल्ट गंजायचं कारण नाही, आणि त्यांच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट उचलली होती हे नक्की. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून पिनांवर हिरवट-पांढरी पूड आहे का पाहायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एअरबॅगचा दिवा. चावी ऑनला नेली की हा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, म्हणजे यंत्रणा स्वतःला तपासून ठीक आहे असं सांगते. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. चार महिने मी रोज चावी फिरवत होते, कधी लक्ष दिलं नाही. काका म्हणाले, एअरबॅगचा कंट्रोल डबा दोन सीटांच्या मधे, खाली जमिनीलगत असतो. पुराचं पाणी आधी तिथे जातं. तो डबा मेला की दिवा सतत पेटून राहतो, मग गिऱ्हाईक विचारतं, म्हणून दिव्याची जोडणीच काढून टाकतात. म्हणजे चार महिने मी आईंना आणि मुलाला घेऊन एअरबॅग नसलेल्या गाडीतून फिरत होते. पैशांचं दुःख कधीतरी जाईल. या गोष्टीचा राग जात नाही.

गिअरचंही तेच. या स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर आणि कॉम्प्युटर करतात. त्याच्या जोडण्यांत एकदा ओल शिरली की लगेच काही होत नाही. तांबं हळूहळू खात जातं, तीन-चार महिन्यांनी दगा देतं. तोवर गाडी विकली गेलेली असते.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून जुनी नोंद निघाली. सप्टेंबर २०२४, बडोदा, पुराचं पाणी डॅशबोर्डपर्यंत, दुरुस्तीचा अंदाज ४ लाख ७० हजार, काम केलं नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. तेच झालं होतं. मालकाला पैसे मिळाले, सांगाडा कन्सल्टकडे गेला, बाहेर कुठेतरी धुऊन-पुसून उभा केला. मूळ मालकाशी मी फोनवर बोलले. भला माणूस, गेली दोन वर्षं नोकरीसाठी बडोद्यातच समा भागात राहतो, परदेशी वगैरे कुठेही गेलेला नाही. म्हणाला, "मी त्यांना पाण्यातली म्हणूनच दिली होती, तशाच भावात."

हे सगळं आधी कळण्यासारखं होतं, आणि तो कागद माझ्या हातात होता. विम्याची पॉलिसी. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्याने घेतलेली. पहिल्याच पानावर मालकाचा पत्ता समाचा. आणि खाली नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या, रकान्यात शून्य. एकाच मालकाकडे तीन वर्षं क्लेमशिवाय चाललेल्या गाडीला तिथे ३५ टक्के दिसायला हवे होते. शून्य दिसलं म्हणजे दर वेळी लबाडीच असते असं नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो, आणि बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मालक बदलला की तो पुढे येत नाही. पण मालक तोच आणि बोनस शून्य, तर का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आधीच्या वर्षाची पॉलिसीही मागायची. आणि कंपनीच्या वर्कशॉपला चेसिस नंबर देऊन सर्व्हिसच्या नोंदी विचारायच्या. मालक सोबत असला तर सहसा सांगतात. मालकाशी बोलू द्या म्हटल्यावर विकणारा टाळाटाळ करायला लागला, तर तिथूनच उठा. मी मालकाचा नंबर मागितला होता. "परदेशात आहेत, वेळेचा फरक पडतो," यावर गप्प बसले.

आणखी एक. दरजीपुऱ्याच्या आरटीओत नाव बदललं तेव्हा कागदोपत्री गाडी मूळ मालकाकडून थेट माझ्याकडे आली. मधे कन्सल्टवाल्याचं नाव कुठेच नाही. मालकी बदलण्याचे, सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच्या खणात तयार होते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आली की तशी नोंद करायची असा नियम आहे. अधिकारपत्र दाखवा, एवढं वाक्य मी बोलले असते तर बरंच काही वाचलं असतं.

त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने डिलिव्हरीच्या कागदावरची ओळ दाखवली: "गाडी जशी आहे तशी तपासून घेतली." माझी सही होती. वहिनी म्हणाला नाही, मॅडम म्हणाला.

एप्रिलमध्ये वकिलाकडून नोटीस दिली, उत्तर आलं नाही. जूनमध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, कुठले कागद जोडायचे ते त्यांनी नीट सांगितलं. पावती २ लाख ९५ हजारांचीच असल्यामुळे उरलेले एक नव्वद दिल्याचं आम्हालाच सिद्ध करायचं आहे. त्याच दिवशी बँकेतून काढल्याची नोंद आहे, आणि "रोकडा मिळाला दादा" असा त्याचा नवऱ्याला आलेला आवाजी मेसेज आहे. तो मेसेज योगायोगाने राहिला, नवऱ्याला फोन साफ करायची सवय नाही म्हणून.

वर्कशॉपने वायरिंग, एअरबॅगचा डबा आणि गिअरचा कॉम्प्युटर बदलायचे १ लाख ६२ हजार सांगितलेत, तेही गॅरंटीशिवाय. गाडी मिस्त्रीकाकांकडे उभी आहे, आयोगाची तपासणी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं वकिलाने सांगितलंय. आईंना मी रिक्षाने नेते. ओळखीचा रिक्षावाला आहे, तो पाट आणतो, त्यावर पाय ठेवून त्या चढतात.

सीटखालचा गाळ काकांनी आमच्यादेखत, व्हिडिओ काढत, प्लास्टिकच्या पुडीत भरला. पुडीवर तारीख आणि चेसिस नंबर लिहून ती कागदांसोबत ठेवली आहे. पुढची तारीख लागलेली आहे.