मॅक्सिमोवर अकरा महिने : एका डेव्हलपरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मॅक्सिमोच्या कामाला लागलो. मॅक्सिमो म्हणजे कारखान्यातल्या मशीनच्या देखभाल-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर. ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला, ज्यांच्यासाठी काम करतो तो कारखाना अंबडला. त्याआधी सहा वर्षं नुसतं जावा या भाषेत प्रोग्रामिंग.

सॉफ्टवेअर १९८५ सालचं, २००६ मध्ये आयबीएमने घेतलेलं. वय जाणवतं. ऑटोमेशन स्क्रिप्ट, म्हणजे मॅक्सिमोत आपले नियम घालणारे छोटे प्रोग्राम, जायथॉनमध्ये लिहायची, आणि जायथॉन (पायथॉन भाषेचं जावावर चालणारं रूप) अजून जुन्या पायथॉन २.७ च्या पायरीवर. सवयीने एफ-स्ट्रिंग, म्हणजे नव्या पायथॉनमधली मजकूर जुळवायची सोय, लिहिली की एरर. तरी मला सगळ्यात आवडल्या त्या या स्क्रिप्टच. जावा क्लास बदलला की ईएआर, म्हणजे सर्व्हरवर चढवायची अख्ख्या सॉफ्टवेअरची फाइल, नव्याने बांधा, सर्व्हर रिस्टार्ट करा, त्यासाठी रात्रीची वेळ मागून घ्या. स्क्रिप्ट सेव्ह केली की लगेच लागू. एकदा लूपमध्ये उघडलेले एमबीओ-सेट (मेमरीत आणलेले डेटाबेसमधल्या नोंदींचे संच) बंद करायचे राहिले आणि सकाळच्या पाळीला सर्व्हरची मेमरी संपली. चूक माझीच होती.

पण खरं शिकवलं फेल्युअर कोडने, म्हणजे मशीन का बिघडलं ते यादीतून निवडायच्या कोडने. ब्रेकडाउनची वर्क ऑर्डर (दुरुस्तीच्या कामाची नोंद) पूर्ण करताना प्रॉब्लेम, कॉज, रेमेडी भरणं मी सक्तीचं केलं. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढला, तर निम्म्याहून जास्त मशीनचं दुखणं एकच : यादीतलं पहिलं. फिटर लोकांचा रागच आला. मग एक अख्खी पाळी शॉप फ्लोअरवर थांबलो. कूलिंग वॉटरच्या पंपाचं बेअरिंग बदलून एक काका कॉम्प्युटरपाशी आले. हाताला ग्रीस, म्हणून माउस चिंधीत धरलेला. समोर चौऱ्याऐंशी कोड, सगळे इंग्रजीत.

"साहेब, बेअरिंग जाम झालं होतं. यात कुठं टाकू, तुम्हीच सांगा."

मलाही सापडेना. राग तिथेच गेला.

त्यांच्या तोंडची कारणं वहीत उतरवून घेतली. पंप, कंप्रेसर, कन्व्हेयर यांचे फेल्युअर क्लास, म्हणजे कोडचे गट, वेगळे केले. पंपाला आता सातच प्रॉब्लेम, वर्णनं मराठीत. कोड लिहायला दोन दिवस लागले, ऐकून घ्यायला तीन आठवडे, आणि हे तीन आठवडे प्रोजेक्टच्या वेळापत्रकात कोणी धरलेलेच नव्हते. नव्याने या कामात येणाऱ्यांनी ते भांडून मागून घ्यावेत.

गेल्या महिन्यात त्याच पंपाच्या तीन वर्क ऑर्डरवर एकच कारण आलं : अलाइनमेंट. मेंटेनन्सवाल्यांनी जाऊन पाहिलं, तर फाउंडेशन बोल्ट ढिले. काकांनी स्वतः फोन करून सांगितलं.