चार दिवसांत उतरलेले चट्टे

गुहागरला आमची घरगुती खानावळ आहे. वाढायला मीच असते, त्यामुळे गिऱ्हाईक आधी माझा हात बघतं, मग ताट. एका शिमग्यात कोपरावर पहिला चट्टा आला. वर्षभरात मनगट, गुडघे, केसांची कड, सगळीकडे. कोंडा असा सुटायचा की गडद साडीवर पीठ सांडल्यासारखं दिसे. सोरायसिस. तो लागट नाही, पण जेवायला बसलेल्या माणसाला ते कोण समजावणार? एका पाहुण्याने मी ठेवलेली सोलकढीची वाटी न बोलता बाजूला सरकवली, ती वाटी मला अजून दिसते.

घरचे उपाय सगळे झाले. खोबरेल आणि कोकमाचं मुठेल यांनी भेगा मऊ पडतात, खाज कमी होते. ते मी आजही लावते. करंजेलाला वास, म्हणून ते रात्री. शेजारच्या काकूंनी मात्र काजूच्या टरफलाचं तेल लावायला सांगितलं आणि मी लावलं. फोड आले. ते बसले तिथे त्याच आकाराचा नवा चट्टा उगवला. या आजाराची ती खोडच आहे, कातडी जिथे भाजेल, खरचटेल तिथे तो येऊ शकतो. बिब्बा लावणाऱ्यांनीही सांभाळा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले.

अशी टेकीला आले होते तेव्हा चिपळूणच्या एका लॉजच्या हॉलमध्ये ‘चिनी नाडीपरीक्षा शिबिर’ लागलं. टेबलामागे डॉ. कोटणीसांचा हार घातलेला फोटो. सोलापूरचा माणूस १९३८ साली चीनला गेला, १९४२ साली तिथेच वारला. आपल्याकडे त्या फोटोपुढे आपोआप हात जुळतात. कोटणीस मुंबईत शिकलेले सर्जन होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. त्यांचा तिथे विकायला ठेवलेल्या मलमाशी काय संबंध, हे मला परतीच्या एसटीतही सुचलं नाही.

टेबलामागे बसलेल्या माणसाने माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, जीभ बाहेर काढायला लावली. “ताई, रक्तात उष्णता आहे.” चिनी वैद्यक सोरायसिसबद्दल खरंच असं म्हणतं. आणि आपल्याकडे तोंड आलं तरी उष्णता, डोळे चुरचुरले तरी उष्णता! मला तो घरातलाच वाटला. मलमात चिंगदाई आहे म्हणाला, चीनमध्ये शतकानुशतकं वापरतात. स्टेरॉइड आहे का, हेही मी विचारलं होतं. “शंभर टक्के वनस्पती. ॲलोपथी दाबते, आम्ही मुळापासून काढतो.” डबी ४,२०० रुपयांना. वर सोनेरी ड्रॅगन आणि चिनी अक्षरं. पावती मागितली तर ‘शिबिर सहयोग’ लिहिलेली चिठ्ठी मिळाली.

चौथ्या दिवशी चट्टे उतरले. सासूबाईंनी व्याडेश्वराला नारळ फोडला. मी अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून वाढायला लागले आणि सहा जणींना त्याचा नंबर दिला. हे वाक्य लिहिताना हात अडतो.

पुढच्या डब्या कुरिअरने. पाच महिने, सकाळ-संध्याकाळ, अगदी जांघेत आणि मानेवरसुद्धा. मे महिन्यात विळीवर नारळ खवताना करवंटी निसटून मनगटाला नुसती घासली, तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. कोपराच्या आत निळ्या शिरा दिसायला लागल्या होत्या, जांघेत गरोदरपणात पडतात तसे लाल पट्टे. मी वयावर ढकललं. जुलैत कुरिअर आलं नाही, फोन बंद. आठवड्याभरात सगळं परत आलं, आणि पोटावर, पाठीवर, जिथे कधी नव्हतं तिथेही.

रत्नागिरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डबी हातातही घेतली नाही. “आधी सांगा, किती दिवसांत उतरलं होतं?” चार म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. इतक्या झटपट उतरवणारं, कातडी अशी पातळ करणारं आणि बंद करताच उसळू देणारं म्हणजे बहुतेक जोरदार स्टेरॉइडच. स्टेरॉइड ते स्वतःही देतात. पण क्लोबेटासोलसारखं मलम साधारण सलग दोन आठवडे, आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत, आणि नजरेखाली. लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली ११ चिनी वनौषधी मलमं तपासली होती, त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं.

मग ते हसून म्हणाले, चिंगदाई म्हणजे नीळ. तिचं मलम गडद निळं असतं, कातडीला आणि कपड्याला डाग पाडतं. माझी डबी श्रीखंडासारखी पांढरी. पाच महिन्यांत एका टॉवेलला निळा ठिपका नाही, आणि खानावळीचे टॉवेल मीच धुते!

चिनी औषध म्हणजे थोतांड असं मी म्हणणार नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथल्याच वनस्पतीतून आलं, त्यासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण ते मोजून, तपासून दिलं जातं. डबीसोबत गोळ्याही होत्या. त्या गिळायला मोठ्या म्हणून मी टाळल्या, ते नशीब. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच पडली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली.

कुणाकडे अशी डबी असेल तर तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, बाहेरची असेल तर आयात करणाऱ्याचं नाव शोधा. माझ्या डबीवर ड्रॅगनच. महिनोन् महिने लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. डबी फेकूही नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर तीच हातात हवी. माझ्या ‘सहयोग’ चिठ्ठीवर मलमाचा उल्लेखच नाही.

त्या सहाही जणींना मी फोन केले. पाच जणींनी ऐकलं, दोघींनी वर चार शब्द सुनावले, ते बरोबरच होते. सहावीची तिसरी डबी चालू आहे. म्हणाली, “वहिनी, माका उतार पडलोहा गो, मगे बंद कित्याक करू?”