पद्मिनी तापतेय: आधी रेडिएटर सोडवायचा की हेड?

दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी एकदाची सुरू झाली की पहिले दोन दिवस घरात सणासारखे जातात. तिसऱ्या दिवशी जरा लांबची फेरी मारावी, तर परतताना बॉनेटच्या फटीतून वाफ. मग दोन सल्ले हमखास येतात. शेजारचे काका म्हणतात, "रेडिएटर बदलून टाक." गॅरेजवाला ऑइलचं टोपण उघडून नाक मुरडतो, "साहेब, हेड खोलावं लागेल."

माझा कल आधीच सांगून टाकतो: पुरावा हातात येईपर्यंत हेडला, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला, हात लावू नका. १०८९ सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून जास्त तापलेल्या गाडीत हेड वाकण्याची भीती खरीच असते. पण वर्षानुवर्षं न हललेले नट सोडवताना नवी दुखणी निघतात, हेही तितकंच खरं. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर मात्र चार बोल्ट आणि दोन होज पाइप सोडले की अर्ध्या तासात खाली येतो.

हे मी शहाणपणातून नाही, ठेच लागून सांगतोय. आमची गाडी मामांची, साताऱ्याहून आणलेली. गॅरेजवाल्याने टोपणाखालची पांढरी साय दाखवली, मी मान डोलावली. हेड उतरलं, लेथवर फेसिंग झालं (म्हणजे तळ सपाट केला), हेड आणि ब्लॉकमधलं नवं गॅस्केट बसलं. गाडी पुन्हा पंधराव्या मिनिटाला तापली. शेवटी रेडिएटर खोलला तर खालच्या नळ्या पिवळट चिखलाने गच्च. मामांना फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, गळत होता म्हणून हळद टाकलेली." हळद भोक बुजवते हे खोटं नाही. ती भोक आणि नळी यांत भेद करत नाही, एवढंच.

आणि ती पांढरी साय? ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ती दिसते, म्हणून गॅस्केटवर संशय जातो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या किंवा फक्त पाच-पाच मिनिटं सुरू केलेल्या इंजिनात दमट हवेचं पाणी टोपणाखाली जमतं आणि ऑइलच्या वाफेत घुसळलं जातं. टोपणाखाली साय, पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, तर तो ओलावा असण्याचीच शक्यता जास्त. डिपस्टिकवरही ताकासारखं ऑइल दिसलं, किंवा संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सैल करताच आधी पाण्याची धार आली, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐका.

गाडी किती तापते यापेक्षा कधी तापते, हे जास्त बोलकं असतं.

| लक्षण | रेडिएटर आणि त्याच्या सोबत्यांवर संशय | हेड गॅस्केटवर संशय |
|---|---|---|
| सिग्नलला तापते, रस्त्याला लागली की तापमानाचा काटा उतरतो | जास्त. हवा पुरत नाही: पंखा फिरवणारा बेल्ट ढिला, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये (फिन्समध्ये) माती | फार कमी |
| गावात ठीक, घाटात किंवा वेगात तापते | जास्त. नळ्या बुजलेल्या, खालचा होज पाइप चपटतोय, पाण्याच्या पंपाची पाती गंजलेली | आहे. इंजिनावर ताण (लोड) आल्यावरच ज्वलनाचा गॅस पाण्यात झिरपतो |
| गार इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक | जवळजवळ नाही | खूप जास्त |
| पाणी कमी होतं, खाली थेंबही नाही | रेडिएटरचं टोपण दाब धरत नाही, वाफ ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते | पाणी सिलिंडरमार्गे सायलेन्सरमधून जातं |

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत नुसत्या लक्षणावरून निकाल लागत नाही. तिथे बुडबुड्यांची परीक्षा घ्यायची. जुने मिस्त्री ती करत, आता आळसापोटी कुणी करत नाही. इंजिन पूर्ण गार असताना फॅन बेल्ट काढून ठेवा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, टोपण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. बेल्ट काढल्यामुळे पंप फिरत नाही. म्हणजे पंपाच्या सुकलेल्या सीलमधून ओढलेली हवा किंवा पाण्याची घुसळण तुम्हाला फसवत नाही. आता अ‍ॅक्सिलरेटर किंचित द्या. बुडबुडे सुरू होऊन थांबले तर ती आत अडकलेली हवा. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वाढत गेले आणि थांबायचं नाव घेईनात, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हे सगळं मिनिटभरात आटपा, कारण पंप बंद आहे आणि पंखाही.

याचंच बाटलीबंद रूप म्हणजे ब्लॉक टेस्टर: रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा गॅस असेल तर निळा पिवळा होतो. ही खूण बुडबुड्यांपेक्षा स्पष्ट असते, पण गळती फक्त लोडवर होत असेल तर उभ्या गाडीत द्रव निळाच राहू शकतो. तसं वाटलं तर घाट चढून आल्या-आल्या कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दाबाची मोजणी, करून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडलेला दिसला, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलंय.

रेडिएटरची बाजू तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा. पितळेच्या चकचकीत टाकीवर तो चक्क खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. इंजिन तापल्यावर वरची टाकी कढत आणि खालची जेमतेम कोमट, तर पाणी आतून कसंबसं सरकतंय. वरची-खालची जवळजवळ सारखीच कढत, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या मेल्या. हाच थर्मामीटर काट्याचा खोटेपणाही उघड करतो. बरीच वर्षं उभ्या गाडीत सेन्सरची वायर आणि अर्थिंग यांच्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास. आमचा काटा टोकाला गेला तेव्हा हेडवर ८५ अंशच होते.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे एक अजब सल्ला चालतो: काढून टाका, आपल्या हवेत कशाला हवा? उभ्या गाडीत तो बंद अवस्थेत गंजून अडकतो हे खरं, पण औषध म्हणजे नवा थर्मोस्टॅट. पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तो उकळायला टाका, त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला पाहिजे. काढून टाकलेल्या गाडीत इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतं. आणि मूळ दुखणं घाटात पुन्हा डोकं वर काढतंच.

रेडिएटरचं टोपण नीट बसणंही महत्त्वाचं. पसरणी घाट चढून महाबळेश्वरला पोचलात की समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरच्या आसपास असता, आणि तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ७ पीएसआयचा दाब धरणारं टोपण मुंबईत उकळबिंदू ११० च्या पुढे नेतं. टोपण घेताना मूळ गाडीचाच दाब घ्या. जास्त दाबाचं घेतलंत तर जुन्या टाकीचं डाग दिलेलं (सोल्डर केलेलं) जोड सुटेल. गरम असताना ते उघडायचं नाही हे तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं, तरी उजव्या मनगटावर खूण आहे.

परीक्षेत दोष रेडिएटरचाच निघाला तर पुढचा प्रश्न: साफ करायचा, आतला कोअर (नळ्यांची जाळी) बदलायचा, की नवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायचा? फ्लशची बाटली स्वस्त, पण ती फक्त सैल गंज काढते. जिथे गंजानेच छिद्र बुजवलेलं असतं तिथे ती गळतीही सुरू करून देते. टाकी सोडवून नळ्यांत सळई फिरवून घेणं याहून खूप बरं, आणि नळ्या मजबूत असतील तर मी तिथेच थांबेन. नळ्या पातळ झाल्या असतील तर जुन्या पितळी टाक्या ठेवून तांब्याचा नवा कोअर घाला. गाडीत रेडिएटर जसाच्या तसा बसतो आणि उद्या गळली तर गावातला रेडिएटरवाला डाग देऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा हलका आणि थंडही चांगला ठेवतो, पण गळला तर आर्गॉन वेल्डिंगवाला शोधा आणि ब्रॅकेट नव्याने करून घ्या. जुनी टाकीच सडली असेल तरच मी त्या वाटेला जाईन.

इलेक्ट्रिक पंख्याचा मोह अनेकांना होतो. एक पंखा ८ ते १० अँपियर खातो. ज्या पद्मिनीत वीज देणारा जुना डायनामो अजून आहे, तिथे तो आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) जवळजवळ काहीच देत नाही, आणि पंखा लागतो तो नेमका सिग्नलला. अल्टरनेटर असेल तर विचार करा, पण आधी बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त दबला तर पंखा नव्हे, बेल्ट घट्ट करायचा आहे.

दोष हेडचा निघाला तर हेड मोकळं झाल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.०५ मि.मी.ची पाती सहज सरकली तर फेसिंग. हेड उतरलेलंच असताना ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यातला गाळ उपसा आणि वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) ठोकून पाहा. भरताना बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट गोड असतो आणि विषारीही, सांडलेला गल्लीतली कुत्री चाटतील. लगेच धुऊन टाका.

गाडीचं तोंड चढाला लावून, हीटर असल्यास त्याचा कॉक उघडा ठेवून सावकाश भरा. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना पातळी बघा. ती उतरतेय आणि जमीन कोरडी आहे, तर पुन्हा एकदा बेल्ट काढा आणि बुडबुडे मोजायला बसा.