मायक्रोबिट व्ही२: मुलींच्या क्लबमधला वर्षभराचा अनुभव (आणि यूएसबी सॉकेटचं पुराण)

मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचा छोटा सर्किट-बोर्ड. आमच्या आणखी एका बोर्डाचं यूएसबी सॉकेट उखडलं, म्हणून लिहायला बसले. बोर्ड जिवंत आहे. बॅटरी लावली की पंचवीसही एलईडी लागतात, मागच्या आठवड्यातला प्रोग्रॅमही चालतो. फक्त नवीन काही आत घालता येत नाही. दुकानदाराने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल, आणि हे सगळं पाठवल्यावर कळवलं की ‘फिजिकल डॅमेज’ वॉरंटीत बसत नाही. हे त्याला फोटो बघूनच सांगता आलं असतं.

आमचा क्लब तासगावात, मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत चालतो. सातवी ते नववीच्या मुली, शाळा सुटल्यावर जेमतेम तासभर, कारण नंतर खेड्यांकडे जाणाऱ्या एसट्या गाठायच्या असतात. सरकारी योजनेतून अटल टिंकरिंग लॅब (मुलांची प्रयोगशाळा) मिळालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान असतं. आमच्याकडे माझे थोडे पैसे आणि माजी विद्यार्थिनींचे थोडे. त्यामुळे दीड-दोन हजारांचा बोर्ड वायरीच्या ओढीने निकामी झाला की माझं डोकं फिरतं.

तर सॉकेट. व्ही२, म्हणजे बोर्डाची दुसरी आवृत्ती, आली २०२० साली. स्पीकर दिला, माइक दिला, लोगोला हात लावला की कळतं, आणि सॉकेट मात्र तेच जुनं मायक्रो-यूएसबी. मुलींच्या घरी आता बहुतेक टाइप-सी चार्जर. मायक्रोची केबल शोधून आणलीच, तर ती असते कुठल्यातरी इअरफोनबरोबर आलेली, आत फक्त चार्जिंगच्या दोन तारा. बोर्डावर लाइट लागतो, पण लॅपटॉपवर ‘मायक्रोबिट’ नावाचा ड्राइव्ह काही दिसत नाही. “ताई, बोर्ड मेला!” मेला नाही गं, केबल बदल. आता डेटाच्या केबलींना लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय, आणि बिनरंगाची केबल कपाटाबाहेर काढायला बंदी आहे.

अजून एक खोड. रीसेटचं बटण त्या सॉकेटला चिकटूनच आहे. घट्ट केबल खुपसताना अंगठा नेमका त्याच्यावर पडतो, आणि रीसेट दाबून जोडलं की ड्राइव्हचं नाव ‘मेंटेनन्स’ होतं. मग प्रोग्रॅम कॉपी केला तरी चालत नाही. उपाय सोपा: केबल काढायची, बटणाला हात न लावता परत लावायची. पण हे माहीत नसलेली मुलगी पाऊण तास स्क्रीनवरचे प्रोग्रॅमचे ठोकळे इकडचे तिकडे करत बसते, आणि शेवटी आपल्यालाच काही येत नाही असं ठरवून घरी जाते. माझा खरा राग त्यावर आहे.

२०१६ साली ब्रिटनमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे बोर्ड फुकट वाटले, दहा लाखांच्या आसपास. फुकट आलेल्या वस्तूच्या सॉकेटबद्दल कोण तक्रार करणार! आपण विकत घेतो. सध्याचा जुगाड असा: प्रत्येक बोर्ड पुठ्ठ्यावर बसवायचा आणि केबल त्याच पुठ्ठ्याला झिप-टायने आवळायची, म्हणजे ओढ पुठ्ठ्याला बसते. उखडलेली सॉकेटं बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने नव्या बोर्डाच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत बसवून दिली. वॉरंटीच्या भानगडीत पडण्याआधी अशा माणसाला गाठा.

पहिले काही महिने मी सगळ्यांना एकच सांगत होते: हे घेऊ नका, आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डाचे क्लोन, म्हणजे स्वस्त नकला, घ्या, एका मायक्रोबिटच्या पैशांत तीन तरी येतील. क्लोन आमच्याकडे आधीपासून होते. पण त्यांच्या यूएसबीच्या सीएच३४० चिपचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर घालण्यातच तास संपायचा. आणि एलईडी लागला नाही तर चूक टाइप केलेल्या कोडच्या अर्धविरामात आहे की ब्रेडबोर्डवरच्या (वायरी खोचायच्या पाटीवरच्या) सैल वायरीत, हे सातवीच्या मुलीला कसं कळावं? तरी माझं मत ठाम होतं, कारण क्लोन स्वस्त होते.

ते बदललं रेडिओमुळे, म्हणजे मायक्रोबिट एकमेकांना बिनतारी संदेश पाठवतात त्यामुळे. आमच्याकडे दोघींत एक लॅपटॉप. जिच्या घरी कॉम्प्युटर आहे ती माउस सोडत नाही, दुसरी पुठ्ठा कापते, रंगवते आणि प्रकल्पाच्या वहीत ‘सजावट’ म्हणून नाव लावते. फक्त मुलींचा क्लब केला म्हणून हे आपोआप थांबत नाही. पण रेडिओला दोन बोर्ड लागतात, एक पाठवणारा, एक घेणारा, आणि दोन्हींचे प्रोग्रॅम वेगळे. प्रत्येकीला आपापला लिहावाच लागतो, आणि बिघडलं की दोघींना बोलावं लागतं. एका ग्रुप-नंबरवरचे बोर्डच एकमेकांचं ऐकतात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ग्रुप १ ठेवला, त्यामुळे एकीने पाठवलेला बदाम सगळ्यांच्या बोर्डांवर उमटला आणि वर्गात नुसता दंगा. शून्य ते २५५ मधला आपापला ग्रुप घ्यायचा असतो, हे त्यानंतर मला शिकवावं लागलं नाही.

त्यातून गच्चीवरच्या टाकीचा गजर निघाला. टाकीच्या तोंडाशी दोन स्टीलचे स्क्रू, एक बोर्डाच्या कडेवरच्या पिन शून्यला, एक ग्राउंडच्या पिनला जोडलेला. पाणी दोन्हींना टेकलं की वरचा बोर्ड संदेश पाठवतो, खालचा ओरडतो. स्पीकर आतच असल्यामुळे वेगळा बझर लागत नाही. स्लॅबमधून संदेश खाली येईना, तेव्हा आठवीतल्या एकीने जिन्याच्या खिडकीत तिसरा बोर्ड ठेवला: वरच्या ग्रुपवर ऐकायचं, ग्रुप बदलून खाली पाठवायचं, परत वरच्या ग्रुपवर यायचं. ही मुलगी आधी ‘सजावट’वाली होती. शिपाईमामा आता मोटर वेळेत बंद करतात.

मोटरवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत मात्र सावध. बोर्ड ३ व्होल्टचा, आणि बाहेरच्या भागांसाठी व्ही२ जास्तीत जास्त १९० मिलिअँपिअर देतो. एसजी९० सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) थेट त्यावर लावलीत तर ती अडकल्यावर त्याच्या कितीतरी पट मागते, आणि बोर्ड रीसेट होत राहतो. किटमध्ये सर्रास मिळणारा एल२९८एन मोटर-ड्रायव्हर (मोटरीला वीज पुरवणारं सर्किट) साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो, मग गाडीच्या चाकांच्या पिवळ्या बीओ मोटरी नुसत्या गुरगुरतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर मोटरींसाठी घेऊच नका. टीबी६६१२ चिपचा मोटर-ड्रायव्हर, मोटरींना वेगळे चार पेन्सिल सेल, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडलेले, एवढं केलं की गाडी पळते. पुण्याला गेलात तर हा माल तपकीर गल्लीत बघा, कुरिअरचे पैसे वाचतात.

मग घ्यावा का? एकाच मुलीला घरी शिकायचं असेल तर क्लोन पुरेल. गटाला शिकवायचं असेल तर मायक्रोबिट, आणि तोही जोडीने घ्या. एकट्या बोर्डाची निम्मी किंमत वाया जाते. जूनमध्ये मीही आणखी घेणार आहे, दुसऱ्या दुकानातून.

मायक्रोबिटच्या आतल्या तापमापकावर मात्र भरवसा ठेवू नका. तो हवेचं नाही, चिपचं तापमान सांगतो. बेदाण्याची शेड असलेल्या एका मुलीने बोर्ड तिथे टांगला, तर वडिलांच्या काचेच्या थर्मामीटरपेक्षा आकडा सतत चढाच. तिने फरक वहीत मांडून प्रोग्रॅममध्ये वजाबाकी घातली. सकाळी जुळलं, दुपारी परत चुकलं. आता डीएस१८बी२० हा वेगळा तापमापक मागवलाय, वायरवाला.